खिडकी उघडी की बंद? खाणपट्ट्यातल्या एका शाळेतील धुळीचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाव उत्तर गोव्यातले, डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातले. गावाचे, शाळेचे आणि माणसांचे नाव मुद्दामच देत नाही. शाळा मराठी माध्यमाची सरकारी प्राथमिक, पहिली ते चौथी, दोन खोल्यांची. एक खोली जुनी, मंगळुरी कौलांची. दुसरी नंतर बांधलेली, स्लॅबची. तीत पहिली-दुसरीची चोवीस मुले बसतात. दोन्ही खोल्यांच्या पुढच्या खिडक्या रस्त्याकडे उघडतात. रस्ता पंधरा पावलांवर. मागे परसू, फणसाची दोन झाडे आणि त्यापलीकडे कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग.

या रस्त्याने खाणीचे चांगले-वाईट दोन्ही दिवस पाहिले आहेत. २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुढे अंशतः सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्यानंतर जन्मलेल्या पोरांनी टिपरांची, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांची, रांग पाहिलेलीच नव्हती. मग आधी काढून ठेवलेल्या आणि सरकारने ई-लिलावात विकलेल्या खनिजाच्या साठ्याची वाहतूक याच वाटेने सुरू झाली. खिडकीत उभे राहून मोजले तेव्हा साधारण दीड मिनिटाला एक टिपर जात होता.

मी जवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. तेव्हा माझी मुलगी या शाळेत दुसरीत होती. म्हणून पालक-शिक्षक संघाने हवा मोजायचे काम माझ्याकडे दिले.

अडचण

सुरुवात मुलीच्या बोटापासून झाली. सकाळी शाळेत सोडायला गेलो, तर तिने बाकावर बोटाने स्वतःचे नाव लिहिले आणि म्हणाली, "बाबा, रोज लिहिते. रोज पुसून जातं, रोज नवं लिहिता येतं." बोटाचे टोक विटकरी झाले होते. मी खिशातला रुमाल ओला करून तो बाक पुसला. एका फटक्यात रुमालावर तांबडा पट्टा उमटला. तिसऱ्या बाकापर्यंत बादलीतले पाणी काव कालवल्यासारखे दिसू लागले.

त्याच वर्गात दम्याचा एक मुलगा होता. त्याची आई औषधाचा पंप आणि त्याला जोडायची नळी (स्पेसर) दप्तरात घालून पाठवायची. नाताळच्या सुट्टीनंतर त्याचे खाडे वाढले. आईने बाईंना विचारले, "बाई, ह्याला मागच्या बाकावर बसवलं तर चालेल का?" बाईंनी त्याला मागे बसवले, पण त्यांचा जीव तेवढ्याने थाऱ्यावर आला नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रस्त्याकडच्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.

या प्रकरणातला पहिला निर्णय तो. कोणीही केला असता असा, आणि म्हणूनच आधी त्याबद्दल.

पहिला निर्णय: खिडक्या बंद

बाकावरची धूळ कमी झाली, हे खरे. पण आठवड्याभरात बाईंनीच सांगितले, की दहानंतर मुले जांभया देतात आणि डोके दुखते म्हणतात. परसवाकडच्या खिडक्या आधीपासूनच बंद होत्या, कारण तिथून माकडे डबे पळवत. म्हणजे खोली चारी बाजूंनी बंद झाली होती.

इथे कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मांडावा लागतो. बसून अभ्यास करणारे लहान मूल तासाला साधारण दहा-बारा लिटर कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडते. चोवीस मुलांचे झाले अडीचशे लिटरच्या वर. खोली सहा मीटर लांब, सहा रुंद आणि सव्वातीन उंच. म्हणजे सुमारे एकशेसतरा घनमीटर हवा. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. खोली पूर्ण बंद ठेवली तर तासाभरात त्यात दोन हजारांहून अधिक भागांची भर पडते. वर्गात हजाराच्या आत ठेवा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कॉलेजातल्या एका मित्राकडून मीटर मागून आणला. दारे-खिडक्या लावून पहिला तास संपायच्या आत तो दोन हजारांच्या पुढे गेला.

दम्याच्या मुलाला धुळीपासून वाचवायला निघालो आणि चोवीस जणांना एकमेकांची उच्छ्वासाची हवा पाजत बसलो. वर्गात एकाला सर्दी-खोकला झाला तर बंद खोलीत तो सगळ्यांत फिरणार, हेही होतेच.

मोजणी, आणि तिने लावलेला चकवा

संघाने वर्गणी काढून कणांचा मीटर घेतला. तळहातावर मावणारे पांढरे डबडे. आत चिमुकला पंखा हवा ओढतो, लेसरच्या किरणात कण चमकतात आणि त्या चमकेवरून यंत्र आकडा काढते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे. माणसाचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना यावी. दहा मायक्रॉनच्या आसपासचे कण बहुतेक नाक-घशात आणि मोठ्या श्वासनळ्यांत अडकतात. अडीचच्या खालचे फुप्फुसात खोलवर पोचतात. शिवाय मूल आपल्या वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा ओढते.

आठवडाभर मी दर पाच मिनिटांचे आकडे उतरवले आणि चक्रावलो. टिपर गेला तरी आकडा जेमतेम हलायचा. मात्र रोज पावणेआठ ते सव्वाआठच्या दरम्यान तो एकदम उसळी घ्यायचा, मग रस्त्यावर टिपर असो वा नसो.

पालकांच्या बैठकीत मी हे जसेच्या तसे सांगितले. एकजण लगेच म्हणाला, "म्हणजे सर, टिपरांचा दोष नाहीच की!" मीही क्षणभर मान डोलावली. या प्रकरणातली माझी सगळ्यांत मोठी चूक तीच. ते वाक्य दुसऱ्या दिवशी वाहतूकवाल्यांपर्यंत पोचले होते.

स्वस्त लेसर मीटर बारीक कणांना, विशेषतः धुराला, चांगले पकडतात. मातीचे भरड कण त्यांच्या चिमुकल्या पंख्याने नीट आत ओढले जात नाहीत, म्हणून पडद्यावरचा पीएम १० चा आकडा प्रत्यक्षाहून बराच कमी दिसू शकतो. यंत्र खोटे बोलत नव्हते. रस्त्याच्या धुळीबद्दल मी त्याला विचारायलाच नको होते.

तेव्हा मी जुना शाळकरी प्रयोग काढला. पोस्टकार्डाएवढे पांढरे पुठ्ठे घेतले, त्यांना व्हॅसलीनचा पातळ हात दिला आणि सहा जागी लावले: रस्त्याकडची खिडकी, फळ्याजवळ, मधला बाक, परसवाकडची खिडकी, व्हरांडा आणि कुळागराच्या कडेचा फणस. चार दिवसांनी सगळे पुठ्ठे एका टेबलावर मांडले. रस्त्याकडचा विटकरी झाला होता. फणसाचा जवळपास पांढराच होता, कडेला दोन मुंग्या चिकटलेल्या. मधल्या बाकावरचाही विटकरीच होता, आणि भिंगातून त्यात राखेचे काळे कणही दिसले. फळ्याजवळ खडूची पांढरी भुकटी होती, पण ती हातभर पुढे सरकली की विरळ होत होती.

एका पालकाने लोहचुंबक आणले. धूळ चुंबकाला चिकटली तर ती खनिजाची, हे सिद्ध होईल, असा त्याचा विचार. चिकटली नाही. त्यात नवल नव्हते. गोव्याचे खनिज मुख्यतः हेमेटाइट, आणि ते चुंबकाकडे फारच क्षीण ओढले जाते. लाल रंगावरूनही काही ठरत नाही, कारण आपल्या जांभ्या मातीतही लोहच असते. वाहतूकवाले पुढे हाच मुद्दा घेऊन आले: "हा आमचा माल नव्हे, गावची तांबडी माती." कदाचित असेलही. पण ती चाकाखाली दळून उडवतो कोण, एवढाच प्रश्न शाळेसाठी महत्त्वाचा होता. त्या वादात आम्ही महिनाभर अडकू शकलो असतो. अडकलो नाही, याचे समाधान वाटते.

सकाळची उसळी

आता पावणेआठची गोष्ट. शाळेची साफसफाई करणाऱ्या मावशी साडेसातला येत. आधी अंगणातला पातेरा (वाळका पाचोळा) खराट्याने गोळा करून मागे पेटवत, मग दोन्ही खोल्या कोरड्या झाडूने झाडत. आठला मुले आत. पातेऱ्याचा धूर परसवातून व्हरांड्यात शिरायचा, मीटर उसळायचा तो त्याने. आणि झाडूने रात्रभर बसलेली धूळ उठायची.

स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा मातीचा कण मीटरभर खाली यायला काही मिनिटे लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला तासभर. छताचा पंखा सुरू असेल तर त्याहून जास्त. म्हणजे पावणेआठला झाडलेल्या खोलीत आठला बसलेले मूल प्रार्थनेपासून पहिल्या तासापर्यंत तीच धूळ श्वासात घेत होते.

मी मावशींना हे समजवायला गेलो. त्यांनी कोकणीतून जे सांगितले ते मराठीत असे: "सर, मला ठाऊक आहे. झाडते तेव्हा तोंडाला पदर बांधते. दोन वर्षं खोकला आहे. पण मुलं येण्याआधी खोली स्वच्छ दिसायला हवी ना?" शाळेत सगळ्यांत जास्त धूळ घेणारी व्यक्ती आमच्या कुठल्याच बैठकीत नव्हती, आणि धूळ कधी उठते हे तिला मीटरच्या आधीपासून माहीत होते.

समोरचे पर्याय

हवा शुद्ध करणारे यंत्र हा पालकांचा आवडता पर्याय. एका हितचिंतकाने एक द्यायची तयारीही दाखवली. वर्गात तासाला पाच वेळा हवा गाळून निघावी, असे धरले तर एकशेसतरा घनमीटरच्या खोलीला तासाला सुमारे सहाशे घनमीटर गाळलेली हवा लागते. घरगुती यंत्रांतली बरीचशी याच्या निम्म्यापर्यंत पोचतात, म्हणजे खोलीला दोन. तीही दारे-खिडक्या बंद ठेवून. कौलांच्या खोलीत तर बंद करण्यासारखे काही नव्हतेच, कौलाकौलांतून आभाळ दिसते. शिवाय भरड लाल धुळीने गाळणी लवकर भरणार, आणि नवी गाळणी दरवर्षी कुठल्या खात्यातून घ्यायची? आम्ही नाही म्हटले. आज मागे वळून पाहता, स्लॅबच्या खोलीपुरता, निदान दम्याच्या त्या मुलासाठी, हा पर्याय इतक्या झटकन सोडायला नको होता, असे वाटते.

रस्त्याकडे हिरवी जाळी लावावी, असे पंचायतीतून सुचले. जाळी लावली. पंधरा दिवसांत ती लाल झाली आणि वारा आला की झटकल्यासारखी सगळी धूळ खिडकीत टाकू लागली. आठवड्यातून दोनदा धुतली तरच तिचा उपयोग, आणि मार्चमध्ये पाणी कुठले? काढून टाकली. मुलांना मास्क द्यावेत, ही सूचना बाईंनी फेटाळली. पहिलीतले मूल साडेचार तास मास्क लावून वाचायला शिकणार नाही. मला ते पटले.

उरला रस्ता. शाळा हलत नाही, टिपर थांबवायचा अधिकार आमच्याकडे नाही. मग मागायचे काय, यावर दोन बैठका गेल्या. काहींना वाहतूक पूर्ण बंद हवी होती. काहींच्या घरी टिपर होते, बँकेचे हप्ते होते. दोन्हीकडची माणसे एकाच बाकावर बसली होती आणि दोघांचीही मुले त्याच वर्गात होती.

काय केले

शाळेच्या आत जे हातात होते ते आधी. झाडणे दुपारी, शाळा सुटल्यावर. रात्रभर जे बसेल ते सकाळी ओल्या फडक्याने बाकांवरून आणि ओल्या पोछ्याने फरशीवरून उचलायचे, कोरडा झाडू आठच्या आत वर्गात नाही. मावशींना लांब दांड्याचा पोछा आणि चांगला मास्क संघाने दिला. पातेरा पेटवायचा नाही. परसवात खड्डा खणला, त्यात पातेरा, शेण आणि पाणी. दाराशी काथ्याचे मोठे पायपुसणे आले, चपला व्हरांड्यात.

खिडक्यांचा प्रश्न असा सुटला: रस्त्याकडची खालची कवाडे शाळेच्या वेळात बंद, वरचे झरोके उघडे. परसवाकडच्या खिडक्यांना माकडांसाठी लोखंडी जाळी बसवून त्या सताड उघड्या. आणि स्लॅबच्या खोलीत परसवाकडच्या एका खिडकीत पंखा बसवला, तोही हवा आत ढकलणारा. दुकानदार तो उलटा, बाहेर फेकणारा लावत होता, एक्झॉस्ट तसाच लावतात म्हणून. तसा लावला असता तर खोलीने रस्त्याकडच्या फटींतून धूळच ओढली असती. हा दहा मिनिटांचा वाद होता, पण अख्ख्या प्रकरणातला सर्वांत उपयोगी.

रस्त्यासाठी ग्रामसभेत अर्ज ठेवला. वाहतूकवाल्यांनी आपली मोजणी आणली होती: रस्त्याकडेची चोवीस तासांची सरासरी मर्यादेत. भारताची २००९ ची मानके चोवीस तासांसाठी पीएम १० ला घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ ला ६० सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक पातळी अनुक्रमे ४५ आणि १५ आहे. अहवाल खोटा नसावा. पण चोवीस तासांत रात्रही येते, तेव्हा टिपर उभे असतात. मुले वर्गात असतात ती सकाळी आठ ते साडेबारा, आणि टिपर धावतात तेही याच वेळात. सरासरी काढली की रात्रीची स्वच्छ हवा सकाळच्या धुळीत मिसळते, मुलाच्या छातीत मात्र ती मिसळत नाही. मी एवढेच म्हणालो आणि ते सहा पुठ्ठे सरपंचांच्या टेबलावर ठेवले. पुठ्ठे हातोहात फिरले. टिपर असलेल्या एका पालकाने रस्त्याकडचा पुठ्ठा बराच वेळ हातात धरला आणि मग स्वतःच म्हणाला, "शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळी अर्धा तास गाड्या वर थांबवू."

त्यातून ठरले ते असे. सकाळी पावणेआठ ते सव्वाआठ आणि दुपारी सव्वाबारा ते पाऊण शाळेपुढून टिपर नाही. मधल्या सुट्टीत शाळेपुढे वेग कमी. ताडपत्री घट्ट बांधलेली, नुसती वर टाकलेली नव्हे. पाण्याचा टँकर दिवसातून चार वेळा. आणि आमच्या आग्रहाने पाचवी गोष्ट: रस्त्याच्या कडेला साचलेला चिखल आठवड्यातून दोनदा उचलायचा. मार्चच्या उन्हात टँकरचे पाणी तासाभरात वाळते, सांडलेल्या मालाचा चिखल होतो आणि वाळला की पुन्हा धूळ. चिखल उचलला नाही तर पाणी मारणे म्हणजे उद्याची धूळ आज भिजवून ठेवणे.

परिणाम

सकाळची उसळी गेली. पातेरा पेटणे थांबले त्या दिवसापासून पावणेआठचा आकडा आसपासच्या तासांसारखाच दिसू लागला. कार्बन डायऑक्साइड परसवाकडच्या खिडक्या उघडल्यावर हजाराच्या आत राहिला. मधल्या बाकावरचा पुठ्ठा एप्रिलमध्ये फिकट गुलाबी होता, विटकरी नव्हे. मावशींचा खोकला कमी झाला, असे त्या सांगतात. दम्याच्या मुलाचे खाडे कमी झाले. पण त्याच सुमारास डॉक्टरांनी त्याचे औषधही बदलले होते, त्यामुळे श्रेय कोणाचे हे सांगता येत नाही.

रस्त्याबद्दलचा निकाल अर्धवट आहे. वेळ पाळली गेली, टँकर बहुतेक दिवस आला, चिखल मात्र दोनदाच उचलला गेला. मे महिन्यात तो साठा संपला आणि टिपर आपोआप थांबले. आमच्या ठरावाने किती फरक पडला आणि टिपर कमी झाल्याने किती, हे वेगळे करता येत नाही.

पावसाळ्यात एक वेगळाच घोळ झाला. जुलैत, रस्त्यावर एकही टिपर नसताना, धुके दाटलेल्या सकाळी मीटरचा आकडा वर गेला आणि पालकांच्या गटावर घबराट पसरली. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, आणि लेसरला फुगलेला कण मोठाच दिसतो. हे मला आधी सांगून ठेवायला हवे होते. त्यानंतर मीटरशेजारी आर्द्रतेचा काटा ठेवला. तो ऐंशीच्या वर असेल तेव्हाचे आकडे वहीत उतरवत नाही.

पुन्हा करायचे झाले तर

पहिल्या दिवशी मावशींशी बोलेन, मीटरशी नंतर. मीटरचे आकडे पालकांपुढे नेण्याआधी त्या यंत्राला काय दिसते आणि काय दिसत नाही हे स्वतः तपासेन. त्या एका वाक्याला मी मान डोलावली नसती तर ग्रामसभेत दोन तास वाचले असते. पुठ्ठे मीटरच्याही आधी लावेन, कारण ते लावायला पैसे लागत नाहीत आणि त्यांच्याशी वाद घालणे अवघड.

खिडक्या बंद करताना बाईंनी कोणाला विचारले नाही आणि त्यांना कोणी दोषही देऊ नये. त्या दिवशी वर्गात दुसरे काही करण्यासारखे नव्हते. पण परसवाकडची जाळी माकडांसाठी म्हणून आधीच्या वर्षी मागितली होती आणि ती मागणी फाइलमध्ये पडून होती. ती बसली असती तर खोली कधी पूर्ण बंद झालीच नसती.

ठराव लिहिताना त्यात "हा साठा संपेपर्यंत" असे शब्द राहून गेले. नवीन साठ्याची वाहतूक सुरू झाली तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्तीचा अर्ज पुढच्या ग्रामसभेसाठी दिला आहे. सहापैकी पाच पुठ्ठे त्याला जोडले. फणसाचा मात्र बाईंनी वर्गातच ठेवून घेतला. तो फळ्याच्या बाजूला टाचला आहे आणि मुले त्यावरच्या दोन मुंग्या मोजत असतात.